लुकलुकणारा ब्रश आणि आनंद श्रावकाची काडी



हल्ली लहान मुलांसाठी दिव्याचे ब्रश मिळतात. दांड्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की पारदर्शक प्लास्टिकच्या आत दिवा लुकलुकायला लागतो. काहींत एक मिनिट, काहींत दोन. दिवा आपोआप विझला की दात घासून झाले. माझ्या धाकट्या जावेनं तिच्या नातवासाठी असा एक आणला आणि आमच्या घरात त्यावर चांगलंच बोलणं झालं. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "म्हणजे घासायचं किती ते आता दिवा सांगणार?"

त्यांनी ते कौतुकानं विचारलं की टोमणा मारला, ते मला अजून कळलेलं नाही. पण प्रश्न बिनतोड आहे. दात किती वेळ घासायचे, कशानं घासायचे, केव्हा घासायचे, आणि घासायचे की नाहीत, या सगळ्याचा विचार आपल्या आगमांत फार बारकाईनं झालेला आहे. ब्रशाचा इतिहास त्याच्याशेजारी ठेवून वाचला तर मजा येते.

आधी वेळेचं बघू. आजचे दंतवैद्य दोन मिनिटं सांगतात, सकाळी आणि रात्री झोपताना. मुलं तेवढी थांबत नाहीत (मोठी माणसंही थांबत नाहीत), म्हणून परदेशात बेसिनजवळ दोन-तीन मिनिटांची छोटी वाळूची घडी ठेवायची पद्धत निघाली. वाळू खाली उतरेपर्यंत घासत राहायचं. दिव्याचा ब्रश हे त्याच घडीचं पुढचं रूप आहे.

वाळूची घडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बेसिन येत नाही, स्थानक येतं. मुहपत्ती, आसन, पुंजणी आणि शेजारी अठ्ठेचाळीस मिनिटांची घडी. सामायिकात बॅटरीचं घड्याळ नको म्हणून बरेच जण ती अजून वापरतात. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे एक मुहूर्त, दिवसरात्रीचा तिसावा भाग. अनुयोगद्वार सूत्रात हा मुहूर्त श्वासांनी मोजून दिला आहे. निरोगी, स्वस्थ माणसाचा एक श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्राण. सात प्राणांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करून बघा, ३७७३ येतात. पाठशाळेत हा आकडा आम्ही अर्थ न समजता पाठ केला होता.

हाच हिशेब ब्रशाला लावला तर एक लव साधारण साडेसदतीस सेकंदांचा होतो. दोन मिनिटं म्हणजे तीन लवांहून थोडं जास्त. मी हे मुलाला सांगितलं तेव्हा तो तीन दिवस "तीन लव झाले" असं ओरडत मोरीतून बाहेर येत होता.

आपल्याकडे वेळ मोजायला वस्तू लागतच होती असं नाही. पहिली पोरिसी केव्हा होते हे सावलीवरून ठरवायचं, आणि सावली ऋतूप्रमाणे बदलते म्हणून उत्तराध्ययनाच्या सव्विसाव्या अध्ययनात महिन्यांची मापं दिली आहेत: आषाढात दोन पावलं, पौषात चार, चैत्र आणि आश्विनात तीन. काउस्सग्ग किती वेळ करायचा ते श्वासांच्या संख्येवर, आणि श्वास मोजत बसायला नको म्हणून लोगस्स. इरियावहीनंतर एक लोगस्स मनात म्हणायचा, तो पंचवीस श्वासोच्छ्वासांचा धरलेला आहे. लोगस्स येत नसेल त्यानं चार नवकार म्हणावेत. पाठ हेच घड्याळ. सासूबाई आजही दूध उतू जायच्या आत बाजूला करायला घड्याळाकडे बघत नाहीत.

आता कशानं घासायचं ते. सातवं अंग उपासकदशांग यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. पहिली वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची. घर साधंसुधं नव्हतं. चार कोटी सोनं निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, शिवाय दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं. असा माणूस भगवंतांसमोर उभा राहून बारा व्रतं घेतो आणि उपभोग-परिभोगाची मर्यादा करायची वेळ येते तेव्हा एकेक वस्तू मोजून सांगतो. अंग पुसायला एकाच प्रकारचं वस्त्र. आंघोळीला आठ घडे पाणी. आणि दात घासायला ओल्या जेष्ठमधाची काडी, तेवढी एकच, बाकी सगळ्या काड्यांचा त्याग.

हा प्रसंग मला फार आवडतो. सोळा आणे श्रीमंत माणूस, आणि दात घासायच्या काडीवर विचार करतोय! आपल्या प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे सव्वीस बोल येतात, त्यात अंग पुसायच्या वस्त्रानंतर लगेच दंतवणविधी येतो, तो याच परंपरेतला. वर्षानुवर्षं आपण ते भरभर म्हणून जातो.

त्याच्या निवडीतलं शहाणपणही बघावं. जेष्ठमध गोडसर, घशाला चांगला, चावून त्याचा कुंचला छान होतो. काडीचा वापर तर सगळीकडेच होता. सुश्रुतसंहितेत ती बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असं सांगितलं आहे. सातव्या शतकात नालंदेला येऊन राहिलेला चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग यानंही भारतातल्या भिक्षूंच्या दातवणाचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं, तिथेही लांबी बारा अंगुळंच. काडी किती लांब हे सगळ्यांनी सांगितलं. आनंदानं सांगितलं ते वेगळं आहे: कोणती वापरणार, आणि त्यापुढे कोणती वापरणार नाही.

फरक इथेच आहे असं मला वाटतं. ब्रशातला दिवा कमीत कमी किती ते सांगतो, याच्या आत थांबायचं नाही. व्रत जास्तीत जास्त किती ते सांगतं. दोन्ही मर्यादाच, पण एक खालून आणि एक वरून. दंतवैद्यही खरं तर दोन्ही बोलतात. वेळ कमी नको म्हणतात, पण पेस्ट तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच लावा म्हणतात, आणि जोर लावून घासू नका, हिरड्या सोलवटतात, असंही सांगतात. जाहिरातीत मात्र पेस्टची नागमोडी पट्टी ब्रशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असते. विकणाऱ्याला वरची मर्यादा कशी परवडणार?

साधूंना तर काडीही नाही. दशवैकालिकाच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंनी आचरू नये अशा गोष्टींची यादी आहे, त्यात दात धुणं आणि दातवण करणं दोन्ही आलेलं आहे. परंपरा सांगते की आचार्य शय्यंभवांनी हे सूत्र आपल्या मुलासाठी, बाळमुनी मनकासाठी रचलं. त्याचं आयुष्य सहाच महिने उरलं होतं आणि तेवढ्यात त्याला साध्वाचाराचं सार मिळावं एवढाच हेतू. इतक्या थोड्या वेळात काय काय सांगायचं हे निवडताना त्यांनी दातांचा विषय गाळला नाही. दिगंबर परंपरेत तर अदंतधावन हा मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे, अस्नान, केशलोच, भूमिशयन यांच्या पंक्तीतला.

बाहेरच्या मैत्रिणी हे ऐकून नाक मुरडतात, म्हणून थोडं सांगते. यामागचा एक शब्द विभूषा. देह सजवण्यासाठी, लोकांना बरं दिसण्यासाठी केलेली गोष्ट साधूला वर्ज्य. दात घासणं हे आरोग्य की विभूषा, हा वाद आपल्याला जुनाट वाटेल, पण तो आपल्या काळात चक्क सर्वोच्च न्यायालयात झाला आहे. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत विको कंपनी सुरू केली, तिचं वज्रदंती दंतमंजन आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेलं. अबकारी खात्याचं म्हणणं, हे प्रसाधन आहे, कर त्याप्रमाणे भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. वर्षानुवर्षं खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. शय्यंभवसूरींचा प्रश्न करवसुलीच्या फायलीतून फिरून आला म्हणायचा.

श्रावकांच्या घरात काडीचीही अडचण होतीच. बाभळीची किंवा कडुनिंबाची ओली काडी मोडायची म्हणजे रोज सकाळी पहिलं काम वनस्पतीकायाची विराधना. म्हणून आमच्याकडे राखुंडी. सासूबाई नगर जिल्ह्यातल्या, त्यांच्या माहेरी गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून, थोडं मीठ मिसळून डब्यात भरून ठेवत. राख म्हणजे पूर्ण अचित्त. तीच राख भांड्यांना, तीच धोवण पाणी करायला, आणि महाराजसाहेबांचा लोच असला की केसांना चोळायला वस्त्रगाळ केलेली स्वच्छ राख त्याच घरातून जायची. चुलीतून निघालेली एक वस्तू आणि तिची इतकी कामं. (गावातल्या बऱ्याच बायका मिशरी लावत. ती तंबाखू, तिचं व्यसन जडतं आणि तोंडाचा सत्यानाश होतो. आमच्याकडे ती व्यसनात धरून वर्ज्य होती आणि बरंच झालं.)

राखुंडी दातांना चांगली होती असं मात्र मी म्हणणार नाही. राख खरखरीत, रोज घासून दातांचं वरचं कवच झिजतं. सासूबाईंचे दात थंड पाण्याला शिवशिवतात ते त्यामुळेच असणार. जुनं ते सोनं म्हणून ती परत आणा असा सल्ला देणारे संदेश फिरत असतात, ते वाचून गोवऱ्या जाळू नका.

मग ब्रश का नव्हता वापरला? सासूबाईंचे वडील म्हणत, त्यात डुकराचे केस असतात. ही गोष्ट मी लग्न झाल्यावर ऐकली तेव्हा मला ती गावगप्पा वाटली होती. ती अक्षरशः खरी आहे. केसांचा ब्रश चीनमधला, आणि तिकडेही त्याला आक्षेप घेणारे होते. जपानचे झेन आचार्य दोगेन १२२३ साली चीनला गेले. तिथल्या मठांत भिक्षू बैलाच्या शिंगाच्या दांड्यावर घोड्याचे केस बसवून दात घासतात हे त्यांनी पाहिलं आणि ते अशुद्ध साधन आहे, भिक्षूंनी वापरण्याजोगं नाही, असं लिहून ठेवलं. त्यांना विलोची काडी हवी होती. चिनी भिक्षू ती विसरले याचं त्यांना वाईट वाटलं. धर्म वेगळा, देश वेगळा, पण आक्षेप सासूबाईंच्या वडिलांचाच.

युरोपात ब्रशाचा धंदा उभा केला तो इंग्लंडच्या विल्यम अॅडिस यांनी, १७८० च्या सुमारास. दंगलीच्या आरोपात तुरुंगात असताना हाडाच्या तुकड्याला भोकं पाडून त्यांनी पहिला ब्रश केला अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, त्यांचे ब्रश हाडाच्या दांड्याचे आणि डुकराच्या राठ केसांचे होते, आणि पुढची दीडशे वर्षं जगभरचे ब्रश बहुतेक असेच होते. केस थंड प्रदेशातल्या डुकरांचे चांगले, कारण ते जाड. सायबेरिया आणि चीन इथून ते येत.

बदल झाला १९३८ साली. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानं नायलॉनचा शोध लावला होता, आणि त्या धाग्याची बाजारात आलेली पहिली वस्तू म्हणजे दात घासायचा ब्रश. नायलॉनचे मोजे त्यानंतरचे. त्याच सुमारास चीनमध्ये युद्ध पेटलेलं होतं आणि डुकराच्या केसांचा पुरवठा अडखळत होता, तेव्हा वेळही साधली. हा धागा कोळसा, हवा आणि पाणी यांपासून बनतो अशी कंपनीची जाहिरात असे. पहिले नायलॉन फार कडक होते, हिरड्यांतून रक्त यायचं. मऊ धागे १९५० च्या आसपास आले.

जगाच्या दृष्टीनं ही स्वस्त आणि टिकाऊ वस्तूची गोष्ट. आपल्यासाठी ब्रश घरात यायचं दार तिथं उघडलं. कुणी अहिंसेसाठी नायलॉन शोधलं नव्हतं, पण सासूबाईंच्या वडिलांचा आक्षेप त्यानं मिटवला. हल्ली मात्र "नॅचरल ब्रिसल" लिहिलेले महागडे ब्रश पुन्हा मिळायला लागलेत. नैसर्गिक या शब्दाला भुलू नका. त्यात बऱ्याचदा डुकराचेच केस असतात, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

विजेचा ब्रश त्यानंतरचा. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रॉक्सोडेंट नावाचा आला. भिंतीतल्या प्लगला वायर लावून तो चालायचा, आणि तो तोंडात घालायचा! १९६० साली तो अमेरिकेत आला. १९६१ साली जनरल इलेक्ट्रिकनं वायरशिवाय चालणारा काढला. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीतल्या निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा पहिला लाल एलईडी बनवला. दोन्ही गोष्टी एका कंपनीतल्या, पण त्या एका खेळण्यासारख्या ब्रशात एकत्र यायला बराच काळ जावा लागला.

या दिव्याबद्दल माझी कुरकुर आहे ती वेगळी. विजेत तेउकायाचे जीव मानायचे की नाहीत यावर आपल्या संप्रदायांत एकमत नाही, त्यात मी पडत नाही. पण यातली बॅटरी बहुतेक वेळा बदलता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी ब्रशाचे केस फाकले की दिवा, बटण, बॅटरी सगळं कचऱ्यात. आणि बटणासारखी छोटी बॅटरी घरात लहान बाळ असेल तर खरोखर धोक्याची असते, गिळली तर अन्ननलिका भाजते. ब्रश मोडला तर लगेच उचलून ठेवा. पाण्याचंही बघा. दिवा लुकलुकत असताना नळ चालू राहिला तर दोन मिनिटांत जवळजवळ बादलीभर पाणी जातं. आम्ही पेला भरून ठेवतो, नळ बंद. आनंद श्रावकाचे आठ घडे आठवावेत.

आता खरा पेच. दंतवैद्य म्हणतात, रात्री झोपताना घासणं सगळ्यांत महत्त्वाचं. आपला चौविहार म्हणतो, सूर्यास्तानंतर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. सकाळी दंतवैद्य म्हणतात उठल्यावर घासा, नवकारशीचं पच्चक्खाण म्हणतं सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं थांबा. जावेचा नातू चौविहार करतो, हट्टानं करतो. हा ब्रश तर अंधारातच शोभतो, त्यामुळे त्याला रात्री दिवे बंद करून घासायचं होतं. सुनेला वाटलं, मुलाच्या दातांचं बघायचं की पच्चक्खाणाचं? दोन दिवस घरात तणातणी होती. एकदा ती मला म्हणाली, "काकू, किडलेला दात काय महाराजसाहेब काढून देणार आहेत?" ती चिडली होती, पण तिचं चुकीचं होतं असं मला वाटत नाही.

मी तिला एवढंच म्हटलं की रात्री का घासायचं ते आधी विचार. रात्रभर दातांवर अन्नाचे कण, विशेषतः गोड, राहू नये म्हणून. बाहेर लोक नऊ-दहाला जेवतात, वर आइस्क्रीम, वर दूध, म्हणून त्यांचं शेवटचं घासणं झोपताना. ज्याचं शेवटचं खाणं सूर्यास्ताआधी संपतं त्याचं शेवटचं घासणंही तेव्हाच संपायला हवं, आणि त्यानंतर सकाळपर्यंत तोंडात काहीच जात नाही. सुनेनं हे त्यांच्या दंतवैद्यबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घासल्यानंतर खरंच काही खाणार-पिणार नसेल तर चालेल, पण जेवण झाल्या झाल्या लगेच नको, थोडा वेळ जाऊ द्या, आणि दोन मिनिटं पुरती हवीत.

म्हणून हिवाळ्यात त्याचं ताट सव्वापाचला वाढलं जातं, कारण आमच्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसहाला तो ब्रश घेऊन अंगणात उभा राहतो. उजेड असल्यामुळे दिवा नीट दिसत नाही अशी त्याची तक्रार आहे, म्हणून तो ब्रशावर हाताचा आडोसा धरून घासतो. सासूबाई ओसरीवर बसून लोगस्स म्हणतात. तिसरा लोगस्स संपायच्या आत दिवा विझला तर त्या त्याला परत बटण दाबायला लावतात.